आधी काळी वायर

पापडी, वसई
रविवार, १४ जानेवारी २००१

प्रिय ॲन्सेल्मदादा,

बाबांच्या मातीला तू आला नाहीस, त्यानंतर मी तुला एक ओळही लिहिली नाही. आज लिहिते आहे त्याचं कारण म्हणजे मी एक यंत्र सुरू केलं. ब्रायनला सांगितलं, तर तो नवऱ्यांच्या ठेवणीतलं "छान" म्हणाला आणि पेपर वाचायला लागला. आई म्हणाली, आधी हात धू. हे ज्याला खरंच कळलं असतं असा माझ्या ओळखीत एकच माणूस, आणि तो बहारिनला.

गेल्या जूनपासून मी कळंबला एका रिसॉर्टच्या ऑफिसात आहे. सुरूबाग त्याचं नाव. समुद्राला लागून सुरूची झाडं, बारा कॉटेज, आणि मध्ये एवढं मोठं लॉन की दोन लग्नं एकाच वेळी लागावीत. माझं काम फोन घेणं, बुकिंग लिहिणं, चादरी धोब्याकडून मोजून घेणं. दिवाळीच्या तोंडावर मुंबईच्या शेठनी गवत कापायची गाडी पाठवली. ढकलायची नव्हे, वर बसून चालवायची. परदेशातल्या कुठल्याशा मैदानावरची जुनी, पण डौलदार. ट्रॅक्टरचं लाल पिल्लूच म्हण. पोटाखाली पात्यांची पेटी, आणि ती वर-खाली होते तेलाच्या दाबावर. चाकंसुद्धा तेलाचा पंपच फिरवतो. आमचे माळी हरेश्वर म्हात्रे ती चालवायचे तेव्हा कॉटेजमधले पाहुणे फोटो काढायचे.

पाच आठवडे चालली आणि बसली. किल्ली फिरवली की नुसतं टक. फ्रेडरिकला बोलावलं. आपल्या गॅरेजात बाबांच्या हाताखाली होता ना, तोच. आता त्याचं नालासोपाऱ्याला स्वतःचं गॅरेज आहे. त्याने टेम्पोच्या बॅटरीवरून वायरी जोडल्या, ठिणग्या उडवल्या, स्टार्टरवर दोन हातोड्या घातल्या आणि निकाल दिला, "मोटर गेली. मुंबईला पाठवा." दादा, वायरी जोडताना त्याने तोंड बॅटरीवरच धरलं होतं. मी ऑफिसच्या खिडकीतून बघत होते. मागे हो म्हणून ओरडावंसं वाटत होतं, पण चादरी मोजणारी बाई काय बोलणार?

गाडीबरोबर एक इंग्रजी पुस्तक आलं होतं. प्लॅस्टिकच्या पिशवीतून कोणी काढलंही नव्हतं. ते मी घरी आणलं आणि चार दिवस शब्दकोश घेऊन वाचलं. मग आमच्या मॅनेजर सुहासिनी सामंत, त्यांना म्हटलं, "मॅडम, मला अर्धा तास द्या. बिघडलं तर माझा पगार कापा."

त्या चष्म्यावरून बघत राहिल्या. "तुला काय कळतं गं यातलं?"

"माझ्या वडलांचं गॅरेज होतं."

"वडलांचं होतं. तुझं नाही."

"अर्धाच तास, मॅडम."

सीट उचलली. खाली बॅटरी, आणि तिच्या दोन्ही टोकांवर हिरवट-पांढरी बुरशी वाढावी तसा थर. कळंबची खारी हवा, दुसरं काय! मोटरबिटर काही गेलेली नव्हती. वीज पोचतच नव्हती. किल्ली काढून खिशात टाकली. हातातल्या बांगड्या आणि गळ्यातली साखळी काढून मॅडमच्या टेबलावर ठेवली. आधी काळी वायर सोडवली, मग लाल. झाकणं घट्ट आहेत हे बघून खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ओतला. असा फसफसला की हरेश्वरभाऊ दोन पावलं मागे सरले. जुन्या टूथब्रशने घासलं, साध्या पाण्याने धुतलं, कोरडं केलं. जोडताना उलट: आधी लाल, शेवटी काळी. वरून व्हॅसलीनचा हात फिरवला.

किल्ली मीच फिरवली. पहिल्या फटक्यात सुरू! हरेश्वरभाऊ म्हणाले, "आयला, बायने पाव भाजायच्या सोड्याने गाडी चालू केली."

अकरा वर्षं झाली, त्या अपघातानंतर मी बॅटरीला हात लावला नव्हता. काल लावला. एवढंच सांगायचं होतं. उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

तुझी,
रेजिना

पापडी
रविवार, ४ मार्च २००१

प्रिय दादा,

उत्तर आलं नाही. चालेल म्हटलं होतं, तेव्हा चालवून घेते.

गाडी आता माझ्याकडे आहे. म्हणजे कागदावर नाही, कागदावर मी अजून ऑफिसातच आहे. पण सकाळी गाडीवर बसण्याआधी हरेश्वरभाऊ ऑफिसच्या दारात येऊन विचारतात, "बाय, नेऊ का?" मी तेल बघते, बॅटरी बघते, टायर बघते, मग मान हलवते. पन्नाशीला आलेला माणूस, त्याच्या मोठ्या मुलीचं लग्न झालंय, आणि तो माझ्या मानेकडे बघून गाडी काढतो. मला हे फार आवडतं. फादर म्हणतात उपवासकाळात गर्व सोडावा. मी पुढच्या आठवड्यापासून सोडणार आहे.

सुरुवातीला आमची भांडणं झाली. बॅटरीत पाणी घालायचं तर ते डिस्टिल्डच हवं, यावर भाऊ ऐकेनात.

"पानी तं पानी! हितल्या बावीचं पानी अख्खा गाव पितो. गोड हाय."

"माणसाला गोड आहे, भाऊ. बॅटरीला त्यातले क्षार मारतात."

"मंग हिला काय बाटलीतलं पाजायचं? सायबाची पोर हाय?"

बाटलीतलंच पाजलं. पाच बाटल्या मॅडमकडून मागून घेतल्या.

गाडीची शेड म्हणजे आधी नुसती अंधारी खोली होती. मी भिंतीत समोरासमोर दोन जाळ्या बसवून घेतल्या. बॅटरी चार्ज होताना तिच्यातून जो वायू निघतो त्याला वास नाही, रंग नाही. तो छताशी साठतो आणि एका ठिणगीची वाट बघतो. म्हणून चार्जिंग उघड्या दारात. आधी चार्जरचं बटण बंद, मगच चिमटे काढायचे. हे मी शेडच्या दारावर खडूने लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

तेलाचं तर मी पुस्तकातूनच शिकले, आपल्या गॅरेजात असलं काही नव्हतंच. नळीतलं तेल साधं वाटतं, पण त्याला दाब असतो. इंजिन बंद केलं तरी दाब आत राहतो. म्हणून आधी पेटी जमिनीवर टेकवायची, इंजिन बंद, किल्ली बाहेर, मग लिव्हर दोन्हीकडे हलवून दाब मोकळा करायचा. त्यानंतरच कुठला नट सैल करायचा. पेटी वर ठेवून खाली हात घालायचा असेल तर लाकडाचे ठोकळे लावल्याशिवाय नाही. तेलाच्या भरवशावर कधीच नाही. आणि गळती शोधायची ती पुठ्ठ्याने, लांब धरून. हाताने नव्हे. हे मी भाऊंना सांगितलं का? सांगितलं. "हात लावू नका" असं सांगितलं. का, ते सांगितलं नाही. मला घाई होती, बुकिंगचे फोन वाजत होते.

एकदा त्यांनी शेडमध्ये बिडी काढली तेव्हा मी अशी ओरडले की बाहेरचे कावळे उडाले. नंतर चहा पिताना त्यांनी हळूच विचारलं, "बाय, एवढं काय झालं तुला?"

मी म्हटलं, "माझ्या भावाचा डोळा गेला बॅटरीत."

"बिडीने?"

मी मान हलवली. हो की नाही, ते त्यांनी त्यांचं समजून घेतलं.

तुझ्या वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये एसी आहे का रे? आई विचारते.

रेजिना

पापडी
रविवार, २१ ऑक्टोबर २००१

प्रिय दादा,

हे पत्र मोठं होईल. तू वाचत नसलास तरी मला लिहायचं आहे.

पावसाळ्यात गवत वीतभर वाढलं, मशीनला विश्रांती नव्हती. गेल्या सोमवारी पेटी उचलणाऱ्या एका नळीवर मला बारीक चिरा दिसल्या. ऊन आणि खारट वारा, रबर किती टिकणार! मी मॅडमना लिहून दिलं: नळी बदलल्याशिवाय गाडी काढायची नाही. नळी मुंबईहून यायची होती. गाडी शेडमध्ये लावली आणि किल्ली नेहमीच्या खिळ्यावर अडकवली.

गुरुवारी सकाळी मी धोब्याशी हुज्जत घालत होते. शनिवारी लग्न होतं आणि लॉन वाढलेलं होतं. हरेश्वरभाऊंना वाटलं, एक फेरी मारून टाकू. गाडी काढली, पेटी उचलली, खाली तेलाचे थेंब दिसले. कुठून गळतंय ते बघायला त्यांनी चालू इंजिनवर नळीवरून अंगठा फिरवला.

दहा वाजता ते ऑफिसात आले ते हसतच. "बाय, तुझ्या गाडीने मला टोचलं."

अंगठ्याच्या पेरावर एक ठिपका. टाचणीचं टोक लागावं एवढाच. रक्त नाही, दुखणं नाही. पण मी पुस्तकातलं ते पान वाचलेलं होतं, दादा. दाबाचं तेल सुईसारखं कातडीतून आत जातं आणि आतल्या आत मांस कुजवतं. वरून काही दिसत नाही आणि म्हणून माणूस घरी जाऊन झोपतो. बारीक अक्षरांत लिहिलं होतं: तासांचा प्रश्न आहे, ताबडतोब ऑपरेशन करू शकणाऱ्या डॉक्टरकडे न्या.

कधी टोचलं ते विचारून मी पेनने तळहातावर वेळ लिहिली: ९.५०.

जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, "धनुर्वाताचं इंजेक्शन देतो. मलम लावा. दोन दिवसांनी या."

मी पुस्तक उघडून त्यांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी ते बंद केलं. "बाई, डॉक्टर तुम्ही की मी?"

"तुम्हीच, डॉक्टर. पण हे तेल आहे, काटा नाही."

"घरी न्या त्यांना."

बाहेर आले तर भाऊ म्हणतात, "चला, सुटलो." मी म्हटलं, "मुंबईला जायचंय." ते चिडलेच. "एवढ्याशासाठी मुंबय? लोकं हसतील!" रिसॉर्टवर परतलो तर सामंतमॅडम शेडकडे निघाल्या होत्या. त्यांना मी रस्त्यातच अडवलं. काय बोलले ते नीट आठवत नाही, पण आवाज चढला होता एवढं आठवतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, भाऊंच्या अंगठ्याकडे बघितलं, आणि पर्समधून स्वतःच्या मारुतीची चावी काढली. "बसा," म्हणाल्या. त्या एव्हरशाईन सिटीहून रोज ती गाडी चालवत येतात, चाळीसच्या वर कधी नेत नाहीत. त्या दिवशी नालासोपारा कधी गेलं आणि हायवे कधी लागला ते कळलंच नाही.

वसई फाट्यापर्यंत भाऊ विनोद करत होते. दहिसर नाक्याला गप्प झाले. अंगठा सुजून गाजरासारखा झाला होता. "बाय," ते म्हणाले, "आता दुखतंय." मग शेवटपर्यंत त्यांनी माझा दंड घट्ट धरून ठेवला.

मोठ्या हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरीण होती. मी तिला पान दाखवलं आणि तळहात दाखवला. तिने मलम-बिलमचं नावही काढलं नाही. "तेल कुठलं? दाब किती?" दोन्ही पुस्तकात होतं. तिने पळत जाऊन मोठ्या सर्जनना आणलं. अंगठ्यापासून तळव्यापर्यंत हात उघडला, आत पसरलेलं तेल धुऊन काढलं. दोन तास लागले. बाहेर येऊन सर्जनांनी विचारलं, "यांना इथे आणायचं कोणी ठरवलं?"

मॅडमनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"उद्या आला असता तर अंगठा कापावा लागला असता. कदाचित हातही," ते म्हणाले.

दादा, मी त्या कॉरिडॉरमध्ये ताठ उभी होते. रडले नाही. कितीतरी वर्षांत मला स्वतःबद्दल इतकं बरं वाटलं नव्हतं. उजवा हात आहे तो. त्यांची बायको दुसऱ्या दिवशी आली, माझे दोन्ही हात धरून नुसती उभी राहिली.

पण पुढचंही सांगते. शनिवारी शेठचा फोन आला, चूक कोणाची ते रजिस्टरात लिहा. मॅडमनी लिहिलं: 'माळ्याचा निष्काळजीपणा.' मला सही करायला दिलं. मी पेन घेतला आणि ते वाक्य खोडलं. खाली लिहिलं: 'नळी खराब आहे हे मला ठाऊक होतं. किल्ली मी खिळ्यावर ठेवली. हात का लावायचा नाही ते मी सांगितलं नव्हतं.'

मॅडम म्हणाल्या, "रेजिना, वेडी आहेस का? तू त्याचा हात वाचवलास, आणि दोष अंगावर घेतेस?"

"दोन्ही खरं आहे, मॅडम."

"नोकरी गेली तर?"

"गेली तर गेली. त्यांच्या नावावर नको."

नोकरी गेली नाही. पण त्या खोडलेल्या वाक्याकडे मी बराच वेळ बघत होते. न केलेल्या चुकीपुढे माणसाचं नाव किती सहज लागतं. आज एवढंच लिहिते.

रेजी

पापडी
रविवार, १० फेब्रुवारी २००२

प्रिय दादा,

येत्या बुधवारी राखेचा बुधवार, उपवासकाळ सुरू होतो. त्याआधी हे पत्र पोस्टात पडायला हवं.

हरेश्वरभाऊ कामावर आले. अंगठ्याचं टोक वाकत नाही, पण विळा धरतात, मुलीच्या बाळालाही उचलतात. शेठच्या आणखी दोन जागा आहेत, तिथेही अशा गाड्या येणार आहेत. मॅडमनी ठरवलं की सगळ्या माळ्यांना आणि मेकॅनिकांना एक दिवस बोलावून मी शिकवायचं. अर्नाळ्याच्या रिसॉर्टवालेही आले. चौदा पुरुष बाकांवर, आणि पुढे मी, साडीवर रबरी हातमोजे आणि डोळ्यांना गॉगल. मागच्या बाकावर फ्रेडरिक. हाताची घडी घालून.

तासभर मी असं बोलले की माझं मलाच आश्चर्य वाटलं. पुठ्ठा दाखवला, ठोकळे दाखवले. भाऊ स्वतः उठले आणि त्यांनी तळव्यावरचा व्रण सगळ्यांना हिंडून दाखवला. "टाचनीएवढं भोक होतं," म्हणाले. "ही बाय नसती तं मी आज डाव्या हाताने जेवलो असतो." कोणी हसलं नाही.

मग बॅटरीवर आले. काळी आधी का, चार्जर आधी बंद का. तेव्हा फ्रेडरिक मागून म्हणाला, "हिचा भाऊ बघा. बॅटरीवर बिडी पेटवली आणि डोळा घालवून बसला. जहाजावरची नोकरी लागली होती, तीही गेली. म्हणून सांगतो, बिडी नको." त्याने वाईट हेतूने म्हटलं नाही. पापडीत सगळे असंच म्हणतात. आईवडलांनी पोरांना सांगायची गोष्टच झाली आहे ती.

मी गॉगल काढला. म्हटलं, "फ्रेडरिक, माझ्या भावाने जन्मात बिडी ओढली नाही."

मी चार्जरचा चिमटा उचलून दाखवला.

"ट्रकची बॅटरी होती. बंद खोलीत रात्रभर चार्जिंगला. सकाळी मी गेले. भाऊ वाकून बघत होता, झाली का म्हणून. मी चार्जर बंद केला नाही. चालू असतानाच चिमटा ओढला. ठिणगी माझ्या हातातून पडली. त्याच्या हातात काही नव्हतं."

दादा, हे मी असं चौदा परक्या माणसांसमोर आधी बोलले आणि तुला नंतर लिहिते आहे, याची मला लाज वाटते. पण तिथून तोंड उघडलं.

हॉस्पिटलच्या जिन्यावर बाबांनी मला धरलं होतं. "तू तिथे नव्हतीस. तू घरात होतीस. कळलं?" माझा साखरपुडा होऊन पंधरा दिवस झाले होते. गॅरेजात काम करणारी, भावाचा डोळा घालवणारी मुलगी कोण करून घेणार, असं त्यांच्या मनात असावं. मी एकोणीस वर्षांची होते, पण एकोणीस म्हणजे लहान नव्हे. मी मान हलवली. बाबांनी बिडीची गोष्ट रचून माझं लग्न वाचवलं आणि तुझं नाव घालवलं, आणि मी त्या लग्नात केक कापला. तू डोळ्यावर पट्टी बांधून फोटोत उभा आहेस. सगळ्यांत मागे.

त्याच संध्याकाळी ब्रायनला सांगितलं. त्याने पेपर खाली ठेवला. मग म्हणाला, "मी विचारलं असतं तर तेव्हाच सांगितलं असतंस?" मी म्हटलं, "नाही." तो म्हणाला, "निदान हे तरी खरं बोललीस." दोन दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलला. काल माझ्या हातमोज्याचं फाटलेलं बोट त्याने ट्यूबचं पॅच लावून चिकटवलं.

आईला सांगणं सर्वांत अवघड गेलं. तुला माहीत नाही, ती रोज रोझरीचं एक दशक, माळेचे दहा मणी, तुझ्यासाठी म्हणते, ॲन्सेल्मची बिडी सुटू दे म्हणून. मी सांगून संपवलं तेव्हा तिच्या हातातली माळ तशीच राहिली. "मग इतकी वर्षं मी देवाकडे काय मागत होते गं?" एवढंच म्हणाली. आज मिस्सानंतर ती चर्चच्या पायऱ्यांवर उभी राहिली आणि ओळखीच्या प्रत्येक बाईला थांबवून सांगत होती, "आमच्या ॲन्सेल्मची चूक नव्हती. रेजिनाची होती. तिने स्वतः सांगितलं." मी शेजारी उभी होते. माझे कान तापले होते, पण मी तिथून हलले नाही. फ्रेडरिकही आला. तो मला काही बोलला नाही. आईला म्हणाला, "मावशी, मी उगाच गावभर सांगत होतो. आता उलट सांगीन."

मी माफी मागते, पण ती दे असं म्हणत नाही. तुला फक्त कळावं की पापडीत आता तुझं नाव स्वच्छ आहे.

तुझी बहीण,
रेजी

मनामा
मंगळवार, २ एप्रिल २००२

रेजी,

तुझी चारही पत्रं मिळाली. पहिली दोन मी फोडली नव्हती. तिसऱ्याच्या पाकिटावर ऑइलचं बोट उमटलं होतं. रोझरी म्हणणाऱ्या घरातून असलं पाकीट कसं आलं म्हणून उघडलं. मग सगळी वाचली, क्रमाने.

चिमट्याचा मला कधी राग नव्हता. ती बॅटरी बंद खोलीत मीच लावली होती. खिडकी मी उघडली नव्हती, हे तुला माहीत नसेल. तुझ्या जागी फ्रेडरिक असता तर त्यानेही तेच केलं असतं. बिडीचं मला लागलं, खूप लागलं, पण ते बाबांचं होतं. तुझ्यावर राग होता तो वेगळा. तू हॉस्पिटलात आलीस, खाटेच्या पायथ्याशी उभी राहिलीस. एका डोळ्याने मला तू दिसत होतीस. मी वाट बघत होतो. तू एक शब्द बोलली नाहीस. त्यानंतर गॅरेजातही पाऊल टाकलं नाहीस. बाबांच्या खालोखाल तुझाच हात चांगला होता. मला वाटलं, माझा डोळा गेला तो गेला, आणि ही हात धुऊन मोकळी झाली.

माफीचं मला अजून ठरवता येत नाही. ते घाईने करायचं काम नाही. डिसेंबरात सुट्टी आहे, तिकीट काढतो आहे. तेव्हा समोर बसून बोलू. आईला सांग, स्टोअरमध्ये एसी आहे, आणि तो बिघडलेला असतो.

आता दुसरी गोष्ट. आमच्या वर्कशॉपमध्ये माती उपसायची मोठी मशीन्स येतात, त्यांच्या नळ्या माझ्या दंडाएवढ्या. लोक गळती बोटानेच शोधतात, मीही बघत आलो. ईस्टरच्या आदल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तुझं तिसरं पत्र मी त्यांना हिंदीत वाचून दाखवलं. केरळचे, बिहारचे, दोघे नेपाळचे. हरेश्वरच्या अंगठ्याशी आलो तेव्हा सगळ्यांचं खाणं थांबलं होतं. एक म्हातारा फिटर स्वतःचा हात उलटा-सुलटा करून बघत होता. पुढे रजिस्टर खोडलंस तो भाग त्यांनी दोनदा वाचायला लावला.

काल सकाळी येऊन बघतो तर तीन मशीनजवळ सुतळीला बांधून पुठ्ठे लटकवलेले. मी कोणाला सांगितलं नव्हतं. फोरमन इंग्रज आहे. तो पुठ्ठे बघत उभा राहिला आणि त्याने विचारलं, ही अक्कल यांना कोणी दिली?

मी म्हटलं, माझ्या धाकट्या बहिणीने. वसईला असते. मेकॅनिक आहे.

ॲन्सेल्म